यूच्या फांदीची वाट

धनुष्य करायचं तर यूच्याच लाकडाचं, पण जिवंत झाडाला हात न लावता, असं गेथिन प्रॉसरने मार्चमधल्या एका सकाळी दाढी करता करता ठरवलं. पोस्टातून निवृत्त होऊन त्याला चारच महिने झाले होते. (तेवढ्यात त्याचे तीन छंद मॅबलीने अडगळीत टाकले होते. म्हणून हा चौथा त्याने बायकोच्या कानावर घातलाच नाही.)

वेल्समधल्या त्यांच्या गावात यूचं झाड एकच. चर्चच्या आवारात, थडग्यांच्या मधोमध. चर्चहूनही म्हातारं.

"करवत लावायची नाही," पाद्रीबाई म्हणाल्या. "वाऱ्याने फांदी पडली तर खुशाल ने."

धनुष्यांपायी पूर्वी रानंच्या रानं उघडी पडली, हे गेथिनने वाचलं होतं. त्यामुळे पाद्रीबाईंचं म्हणणं त्याला एकदम पटलं.

मग तो रोज झाडाखाली जाऊन बसू लागला. डोक्यावर एक अर्धी वाळलेली फांदी होती. तिच्याकडे बघता बघता त्याला धुक्यात धनुष्य दिसायचं, बाहेरची पाठ सायीसारखी पांढरट, आतलं पोट मधासारखं तांबूस. दोरी टणत्कारली की तो दचकून जागा व्हायचा.

दहाव्या दिवशी शेजारची नेरिस नवऱ्याच्या थडग्यावर फुलं ठेवायला आली.

"गेथिन, रोज इथे काय करतोस रे?"

"वाट बघतोय," तो तंद्रीतच म्हणाला.

"काही उपाय नाही का?"

"कापणं हा एक आहे. पण ते मला पटत नाही. व्हायचं तेव्हा आपोआप होईल."

"अरे देवा! मॅबलीला माहीत आहे?"

"छे! घरी आणल्यावर कळेलच तिला. चार माणसं मात्र लागतील उचलायला."

नेरिस फुलं तिथेच टाकून पळाली.

दुसऱ्या दिवसापासून गाव फार प्रेमळ झालं. कुणी मटणाचा रस्सा आणला, कुणी मनुकांचे केक. गेथिनला वाटलं, वसंत ऋतू आला की माणसं अशीच होत असावीत. चौथ्या दिवशी मात्र मॅबली वाढता वाढता रडू लागली.

"मला का नाही सांगितलंस?"

"तू नाही म्हणाली असतीस."

"मी नाही म्हटलं म्हणून थांबणार होतं का ते? किती मोठं आहे?"

"सहा फूट तरी हवंच."

"सहा फूट?" मॅबलीचं रडणं थांबलं. "गेथिन, तुला नक्की झालंय काय?"

मग सगळं बाहेर आलं: गाव त्याच्या मरणाची वाट बघत होतं, आणि तो फांदीची. ती आधी हसली, मग पुन्हा रडली, आणि मग तिने हातातला डाव फेकून मारला.

पुढच्या आठवड्यात वारं सुटलं आणि फांदी पडली. हसणाऱ्या गावाची मदत नको, म्हणून गेथिनने ती एकट्यानेच ओढत घरी आणली आणि दारातच त्याची कंबर धरली. मॅबलीने त्याला वरच्या खोलीत नेऊन अंथरुणात घातलं. मग लाकूड चिरू नये म्हणून फांदीच्या दोन्ही टोकांना गुपचूप मेण लावलं.

"चार वर्षं वाळवायचं म्हणतोस ना?" ती म्हणाली. "मग तेवढा जग म्हणजे झालं."

पडल्या पडल्या त्याला पुन्हा धुकं दिसू लागलं. इतक्यात दार वाजलं. नेरिसचा आवाज ऐकून गेथिनने चेहरा पाडला आणि रश्श्याच्या आशेने, खाली ऐकू जाईल एवढा कण्हला.

"मॅबली," नेरिस खालून म्हणाली, "माझं रश्श्याचं भांडं मोकळं झालं का गं?"