दिग्गीतलं करंटाचं नवं

रामनगरहून परतताना वासू बसमध्ये बसलाच नाही. आपल्या जागेवर त्याने पेटी बसवली आणि नवरीशेजारच्या करवलीसारखा तिच्या खांद्यावर हात ठेवून उभा राहिला. खड्डा आला की आधी पेटी धरायचा, मग स्वतःला. कंडक्टरने यात काय आहे म्हणून विचारलं, तर अख्ख्या बसला ऐकू जाईल असं म्हणाला, "आमच्या रानातली डुकरं यंदा उपाशी ऱ्हानार, त्येची तजवीज हाय."

पेटी लाडवांच्या डब्याएवढी. वर मूठ, पुढे पिना खुपसायची भोकं, आणि मधल्या काचेवर हिरवा आकडा: शंभर. म्हणजे पोट गच्च भरलेलं. खोक्यावर 'पोर्टेबल पॉवर स्टेशन' असं भारदस्त नाव होतं, पण रामनगरचे दुकानदार पुंडलिकअण्णा तिला करंटाची पेटी म्हणाले आणि तेच नाव चिकटलं. ती दुकानात विकायला ठेवावी की नाही हे अण्णांचं ठरत नव्हतं. त्यांनी वासूला बजावलं होतं: "घरात चालव, रानात चालव, आनि खरं काय ते सांग. तुमच्या दिग्गी गावात टिकली तर कुटंबी टिकंल." सोबत घडीची काळी सोलार पाटीही दिली होती. ती उन्हात पसरायची, पेटीला जोडायची, की पेटी आपली आपण भरते.

आता डुकरांचं. वासूचं भाताचं एकच खाचर, आणि ते रानाच्या अगदी ओठाशी. गेल्या साली डुकरांनी ते असं लोळवलं की एक लोंबी उभी राहिली नाही. दिग्गीत ज्याची कापणी होईल तो घरी नवं करतो. नव्या लोंब्यांचं तोरण दाराला, नव्या तांदळाचा घास देवाला, आणि त्यातला मूठमूठ घरोघरी. गेल्या साली वासूच्या दारावर तोरण लागलं ते शेजारणींनी आपापल्या घरच्या एकेक लोंबीने गुंफून दिलं म्हणून. वासूच्या आईने, शांताने, ते हात जोडून घेतलं आणि मागच्या पडवीत जाऊन डोळ्यांना पदर लावला. तो पदर वासूने पाहिला होता.

यंदा उशिरा पिकणारं गरवं भात कसं आलं होतं म्हणता! वारा सुटला की खाचर पैंजण घातल्यासारखं वाजायचं. पण दिग्गीत कापणी पाळीने होते, सगळा गाव मिळून एकेकाचं शेत कापतो, आणि यंदा वासूची पाळी शेवटची आली. सगळं खोरं कापून मोकळं झालं आणि मधोमध वासूचं खाचर तेवढं पिवळंधमक उभं. रानातल्या यच्चयावत डुकरांना जेवणाचं निमंत्रण द्यायला दुसरी अक्षत कशाला हवी?

कापणी उद्या सकाळी. प्रश्न एका रात्रीचा होता. वासूचा बेत तयार होता. खाचरातल्या माळ्यावर, म्हणजे चार वाशांवरच्या राखणीच्या मचाणावर, एक फोकस लावायचा, एक भोंगा बांधायचा, आणि मोबाईलमधली वाघाची डरकाळी पेटीच्या जोरावर रात्रभर घुमवायची. शेजारचे झिलूकाका पान लावत म्हणाले, "डुकरास्नी वाघ कळतो, वासू. भोंगाबी कळतो."

"उद्या सकाळी बोला, काका," वासू म्हणाला.

पेटी घरात आली आणि घरातली परीक्षा सुरू झाली. वरच्या घाटात तारेवर झाड पडल्यापासून गावात वीज नव्हती. वासूच्या बायकोने, केशरने, मिक्सर लावला आणि खोबऱ्याची चटणी गर्रकन वाटून निघाली. आकडा जरासा हलला. वासूने बल्ब लावला, पंखा लावला, पंख्यासमोर उभा राहून छाती फुगवली. केशरने चटणी बोटावर घेऊन त्याच्या तोंडात घातली आणि म्हणाली की आता बंद करा, रानासाठी राहू द्या. तिचं ऐकलं असतं तर ही गोष्ट इथेच संपली असती.

तेवढ्यात शांता हळदकुंकवाचं ताट घेऊन आली. पेटीला पाच बोटं कुंकू लावलं. नारळ मात्र वासूने अंगणात लांब नेऊन फोडायला लावला. पाणी आणि करंट यांचं वैर त्याला ठाऊक होतं. शांताने खोबऱ्याचे तुकडे केले आणि सहज म्हणाली, "आता वाटायची."

"खोबरं व्हय?"

"खोबरं कशाला? ही." तिने पेटीकडे बोट केलं. "गाय व्याली तर चीक घरोघर जातो. भाताचं नवं जातंय. आनि करंटाचं नवं एकट्यानं खायाचं? गेल्या साली आपल्या दारावरचं तोरन कुनाच्या शेतातलं हुतं रं?"

वासूने पंख्याची पिन उपसून एक भोक मोकळं केलं. 

आणि शांता घरोघरी सांगत निघालीसुद्धा, वाटेत ओवी जुळवीत:

उजेडाची गं पेटी, लेक खांद्यावं आनितो
पयला तिचा घास, माझा शेजार जेवितो

शेजार जेवायला आला. कुणाचे मोबाईल मेलेले, कुणाची डोक्याला बांधायची बॅटरी आंधळी झालेली. झिलूकाकांच्या सुनयनाकाकी मिक्सर कमरेवर घेऊनच आल्या. उद्याच्या कापणीला डोशासारखे पोळे करायचे, उडीद भिजले होते. त्यांच्यामागे आणखी मिक्सर. पेटीभोवती वायरी अशा लोंबू लागल्या की जणू डुकरिणीला पिलं लुचताहेत. वासू काचेसमोर बसून होता. नव्वद झाले, साठ झाले, तीस झाले. प्रत्येकजण जाताना पेटीच्या पाया पडत होता आणि प्रत्येक नमस्काराला आकडा खाली उतरत होता. नाही कुणाला म्हणायचं? इथे जमलेल्या एकेका हाताने गेल्या साली एकेक लोंबी दिली होती.

शेवटचा मोबाईल निघाला तेव्हा काचेवर सात उरले. पण वासू डगमगला नाही. ऊन होतं, सोलार पाटी होती. अंगणात पाटी पसरली, वायर जोडली, आणि तो नि केशर माळा बांधायला खाचरात गेले. उन्हं कलताना वासू पेटी न्यायला परत आला. आकडा सातच.

पाटी कुठे होती? पाटीवर झिलूकाकांकडच्या उकड्या भाताचा जाड थर वाळत पसरला होता आणि शांता त्यात पाय फिरवत होती.

"आये, ही उनात ठिवायची वस्तू हाय."

"मग उनातच हाय की. काय झ्याक तापतीया रं. उद्या वाळायचं भात आजच कटकट वाजाय लागलं."

वासूने पेटी डोक्यावर घेतली आणि खाचराची वाट धरली.

दिवस डोंगराआड टेकला आणि रानातून आधी कुजबुज, मग खसखस आली. मग पुढे थोरली डुकरीण, मागे तिचं सगळं गणगोत, वऱ्हाड निघावं तसं. वासूने बटण दाबलं. फोकस लागला. भोंग्यातल्या वाघाने श्वास घेतला, "गुर्र" एवढं म्हणाला, आणि पेटीने टुक् करून डोळे मिटले. थोरल्या डुकरिणीने मान वर करून माळ्याकडे पाहिलं. पुढचा काही कार्यक्रम नाही अशी खात्री करून तिने बांधाकडची पहिली लोंबी तोंडात धरली.

वासूने पत्रा बडवला, ढेकळं फेकली. एका बाजूने हाकललेली डुकरं दुसऱ्या बाजूने आत. त्याच्या डोळ्यांपुढे भात नव्हतं, मागची पडवी होती. तेवढ्यात केशर माळ्यावर उभी राहिली, तोंडाशी हात धरले आणि रानाच्या माणसांची जुनी हाक घातली. लांब, उंच, डोंगराला आपटून परत येणारी: "कूऽऽऽ!"

 मग झिलूकाकांच्या दारात एक उजेड लागला. त्याच्याशेजारी दुसरा. मग घरोघरचे दिवे सुटले आणि चांदण्यांनी वाट सोडून शेतात उतरावं तसे बांधाबांधाने धावत आले. डोक्यावरच्या बॅटऱ्या, हातातले मोबाईल, सगळे दुपारी वासूच्या अंगणात जेवून गेलेले. आणि आवाज! एका मोबाईलवर कानडी गाणं, एकावर भजन, एकावर कुणाच्या लग्नातला बँड. डुकरं गोंधळली, पण थोरली अजून लोंबी सोडीना. तेवढ्यात झिलूकाकांचा मोबाईल वाजला. त्यांच्या लेकीने त्यात घंटीऐवजी आईचाच आवाज भरून ठेवला होता:

"अवो, कुटं उलथलाय? जेवान थंड झालं!"

थोरली डुकरीण जागच्या जागी फिरली आणि सगळं गणगोत घेऊन रानात घुसली. झिलूकाकाही दोन पावलं घराकडे वळले होते, पण ते अंधारात कुणी पाहिलं नाही. निदान तसं सांगायचं ठरलं.

गावाने पाळीपाळीने खाचर राखलं. सकाळी विळे चालले, सुनयनाकाकींचे पोळे आले, आणि बांधाकडचा एक कोपरा सोडला तर सगळं भात घरात पडलं. शांताने स्वतःच्या शेतातल्या लोंब्यांचं तोरण दाराला बांधलं. उरलेल्या लोंब्यांचं एक छोटं तोरण पेटीच्या मुठीला. मग मूठमूठ नवं घेऊन घरोघरी निघाली, ती मान वर करून.

नव्याच्या जेवणाला पुंडलिकअण्णा आले. हात धुऊन विचारलं, "रानात किती चालली?"

वासूने खरं सांगायचं कबूल केलं होतं. "रानात ती 'गुर्र' एवढी चालली, अण्णा. पन तिनं सगळं शेत राखलं."

अण्णांना काही उमगेना. वासूने सगळं सांगितलं तेव्हा ते हसून हसून पाटावरून घसरले. "म्हंजे ठिवू का न्हको दुकानात?"

"ठिवा की. पन गिऱ्हाइकाला आदी इचारा, शेजारी किती हाईत."

अण्णा पेटी उचलून निघाले, तसं दारात बायकांनी त्यांना गाठलं. सुनयनाकाकींना हवी होती, सगळ्यांनाच हवी होती. अण्णांनी खूश होऊन किती पेट्या लागतील म्हणून विचारलं. बायका एकमेकींकडे बघू लागल्या. शेवटी शांता पुढे झाली.

"पेटी ऱ्हाऊ द्या, अण्णा. एकीनं गाव भागतंय. ती भात वाळवायची काळी पाटी तेवडी घरटी एक धाडा."