जावईबापूंची लाल ट्यूब

"गोरक्ष, एक थेंब जरी गळाला ना, तर मी अंबडला पुन्हा पाऊल ठेवणार नाही!"

सावळीरामांनी हे वाक्य सासुरवाडीच्या ओट्यावर, चहाची बशी हातात धरून, सगळ्या सायखेड्याला ऐकू जाईल अशा आवाजात टाकलं. माणसाने असं काही बोलू नये हो, पण त्यांना सांगणार कोण? अंबडच्या कारखान्यात बावीस वर्षं तपासणी खात्यात काढलेला माणूस! घरी पोळी वाकडी झाली तरी ते तिला ‘रिजेक्ट’ म्हणतात.

प्रसंगही तसाच होता. मेहुण्याच्या, म्हणजे गोरक्षच्या लेकीला, आरोहीला बघायला रविवारी चांदवडचे पाहुणे येणार होते. त्यांना द्राक्षाचा मळाही बघायचा होता आणि मळा गोदावरीच्या पलीकडे. पुलावरून गेलं तर मोठा वळसा, आणि शिवाय घरची इंजिनाची होडी मग दाखवायची कधी? पण नेमकं इंजिन गार ठेवणारं पाणी एका झाकणातून गळत होतं. गावचा मिस्त्री गोटीराम म्हणाला, "पुठ्ठ्याचं पॅकिंग कापून टाकतो. अर्ध्या तासाचं काम हाय."

"पुठ्ठा?" सावळीराम किंचाळले. "अरे, इंजिन आहे का चपलांचं खोकं!"

गोटीरामने पाना उचलला आणि तो घरी गेला.

मग नाशकात, द्वारकेजवळच्या स्पेअर पार्टच्या दुकानात सीलंटचा, म्हणजे फटी बुजवणाऱ्या चिकट लुकणाचा, शोध सुरू झाला. काळं, करडं, निळं, लाल. हवा लागली की घट्ट होणारं, हवा कोंडली की घट्ट होणारं. सावळीरामांनी एकेका ट्यूबवरची मुंगीएवढी अक्षरं वाचून काढली. दुकानदार घरी जाऊन जेवून आला तरी हे तिथेच!

"साहेब, होडी आहे ना? की विमान?" त्याने हात जोडून विचारलं.

शेवटी लाल ट्यूब ठरली. उष्णता, पाणी, तेल, कशालाही दाद न देणारी!

शनिवारी सकाळी इंजिन अंगणात आणून सावळीरामांनी झाकण उघडलं. झाकणाची कड आणि इंजिनाची कड थिनरने पुसून पुसून लख्ख केली. "आता इथे कुणी हात लावायचा नाही! हाताचं तेल लागलं तरी सीलंट धरत नाही!"

सासूबाई नवसाबाई दारातून ऐकत होत्या. ट्रॅक्टर, पाण्याची मोटर, मिक्सर, लेकीचं शिलाई मशीन. त्यांच्या हळदीकुंकवातून आजवर एकही यंत्र सुटलेलं नव्हतं. त्या फक्त एवढंच म्हणाल्या, "जावईबापू, जेवून घ्या. ताट वाढलंय."

सासुरवाडीचं जेवण नाही कसं म्हणणार? चौथी पुरणपोळी रिचवून सावळीराम परत आले, झाकण मांडीवर घेतलं आणि त्याच्या कडेने सीलंटची अशी अखंड लाल रेघ काढली की रांगोळीवालीने तोंडात बोट घालावं. इंजिनाच्या कडेकडे बघायचं कारणच नव्हतं. ती तर त्यांनी स्वतः पुसली होती! झाकण बसलं, बोल्ट आवळले गेले.

"चालवून बघू का, दाजी?" गोरक्षने विचारलं.

"चोवीस तास! चोवीस तास कुणी त्याच्याजवळ खोकायचंसुद्धा नाही!"

चोवीस तास संपले तेव्हा पाहुणे दारात होते, म्हणून इंजिन न चालवताच होडीवर चढलं.

मुलगी बघून झाली, मुलामुलीचं बोलणं झालं, पण होकार कुणाच्या तोंडून येईना. सगळे होडीत बसले. मुलाचे वडील यादवराव पांढऱ्याशुभ्र कपड्यांत, आई चांगुणाबाई, मुलगा समर्थ, गोरक्ष, आणि नवसाबाई मांडीवर पेढ्यांचा मोठा खोका घेऊन. मळ्यात होकार आला की तिथेच तोंड गोड करायचं! सावळीराम इंजिनाशेजारी, छाती पुढे काढून.

बरोबर नदीच्या मध्यावर ‘फस्स्’ झालं.

कोमट पाण्याची चिळकांडी थेट यादवरावांच्या मांडीवर! इंजिन बंद करावं लागलं आणि होडी वाहत वाहत पाणवेलींच्या हिरव्या गाद्यांत जाऊन रुतली.

"दाजी," गोरक्ष हळूच म्हणाला, "तुम्ही थेंब म्हणला होतात."

सावळीरामांना रडू फुटायचं बाकी होतं. पोरीची सोयरीक मोडणार, आणि ती आपल्या हाताने! नदीत उडी टाकावी म्हणाल तर पाणवेलींमुळे तीही धड टाकता येईना.

"पाना द्या इकडं," यादवराव म्हणाले. त्यांनी झाकण उघडलं, तशी ती लाल रेघ शेवईसारखी अखंड सुटून आली. खाली, इंजिनाच्या कडेवर, बोल्टाबोल्टाला हळदीकुंकवाचे ठसठशीत ठिपके!

सगळ्यांच्या माना नवसाबाईंकडे वळल्या.

"आता उघडलेलं यंत्र तसंच मिटायचं व्हय? तेलात कालवून लावलं, टिकावं म्हणून."

"आई! हात लावू नका म्हणालो होतो मी!"

"हात कुठं लावला? एका बोटानं लावलं."

यादवरावांनी उपरण्याने कड पुसली. "आमच्या विहिरीवरचं इंजिन असंच गळायचं. पुठ्ठा हाय का कुठं?"

पुठ्ठा एकच होता. सगळे पेढ्यांच्या खोक्याकडे बघू लागले.

"आन् यातले पेढे कुठं ठेवायचे?" नवसाबाई म्हणाल्या.

"पोटात!" यादवराव म्हणाले.

वाटप झालं. समर्थने चार खाल्ले. यादवरावांचा तिसरा पेढा तोंडात असताना चांगुणाबाई दचकल्या, "अवो, मुलीकडचे पेढे खाल्ले की आपण! मंग सोयरीक झालीच ना!"

यादवराव चघळायचे थांबले. त्यांनी मुलाकडे पाहिलं. समर्थने लाजत पाचवा उचलला. गोरक्षने तिथूनच आरोहीला फोन लावला. ती "हो" म्हणाली, आणि मग म्हणाली, "पण तुम्ही आहात कुठे?"

यादवरावांनी चाकूने खोका कापला, ग्रीस फासलं, झाकण आवळलं. इंजिन सुरू! पलीकडे मळा आणि परत घर. सावळीराम सगळ्या वाटेत झाकणावर डोळे लावून बसले होते. एक तरी थेंब गळू दे रे देवा, अशी त्यांची आळवणी चालली होती. पुठ्ठा कोरडा ठणठणीत राहिला.

काठावर गोटीराम उभा होता. त्याने झाकणाखालचा पुठ्ठा पाहिला, पाना खिशात घातला आणि तो घरी गेला.

"बघा, हळदीकुंकवाचा गुण!" नवसाबाई उतरता उतरता म्हणाल्या. "नदीतच सोयरीक झाली. आन् एकाच बाजूला लावलं होतं! जावईबापू, पुढच्या खेपेला झाकणाला पण लावते."

सोमवारी सकाळी गोरक्षचा फोन आला. "दाजी, कुठं हाय?"

"घरीच," सावळीराम म्हणाले.

मागे अंबडच्या कारखान्याचा भोंगा वाजला.