शांतता नावाची गोधडी

डब्यातून चिठ्ठी निघाली ‘शांतता’, आणि सगळं मंडळ खो खो हसलं.

वाचनालयाच्या मागच्या खोलीत हे गोधडीमंडळ जमायचं. वर्षातून एकदा विषयांचा डबा फिरायचा. ज्याच्या हाती जो विषय येईल त्यावर त्यानं हातभर लांब, हातभर रुंद अशी चिमुकली गोधडी शिवायची, आणि मग सगळ्यांच्या गोधड्या पुढच्या दालनात भिंतीवर लागायच्या. यंदा कुणाला ‘प्रवास’ आला, शिंपीकाकांना ‘भूक’ आली, आणि शांतता आली ती नेमकी भोंग्याला.

भोंगा म्हणजे बसस्थानकावर गाड्यांची घोषणा करणारी बाई. देव एरवी सगळ्यांना मापून देतो, पण हिला गळा देताना त्यानं हात जरा सैल सोडला होता. स्थानकावरचा कर्णा बंद पडला तरी तिच्या अमलात घोषणा ऐकू आली नाही म्हणून कुणाची गाडी चुकली नव्हती.

“दुसरी चिठ्ठी घ्या हवं तर,” मोठ्या बाई म्हणाल्या. या निवृत्त मुख्याध्यापिका. मंडळाची किल्ली, विषयांचा डबा आणि मापाची लाकडी पट्टी, तिन्ही सत्ता त्यांच्याकडे. “विषय पेलला पाहिजे हो. गोधडीत शिवणारीचा स्वभाव उतरतो.”

“उतरू दे की!” भोंगा म्हणाली, तशी खिडकीची तावदानं थरथरली. “शांतताच करणार! आणि अशी करणार, की शेजारच्या गोधडीला जांभई येईल!”

शेजारची गोधडी दरवर्षी मोठ्या बाईंची असायची.

घरी येऊन तिनं नवऱ्याला सांगितलं, “अहो, गोधडी भिंतीवर लागेपर्यंत मी स्थानकाबाहेर तोंड उघडणार नाही. आतून शांत झाल्याशिवाय हातातून कशी उतरणार?”

नवरा विजेची कामं करणारा. त्यानं हातातली पक्कड खाली ठेवली. “अगं, मग माझं काय चुकलं ते मला कळणार कसं?”

उत्तर आलं नाही. व्रत सुरू झालं होतं.

आणि पाळलं हो तिनं! दिवसभर स्थानकावर गर्जायची, स्थानकाची पायरी उतरली की ओठ मिटायची. भाजी हवी का, तर वाडगा पुढे. दार लावा, तर दाराकडे बोट. आणि बाकी सगळा वेळ गोधडी. निळंसावळं आभाळ, एक उघडी फांदी, आणि फांदीवर पंखात चोच खुपसून झोपलेलं करडं पाखरू. टाके असे बारीक, की मोजायला गेलं तर डोळे दुखावेत. सासरे, म्हणजे नाना, समोरच्या खुर्चीत बसून बघत राहायचे. त्यांच्या कानात ऐकायचं यंत्र असायचं. अधूनमधून ते काढायचे, झटकायचे, पुन्हा लावायचे. तिनं लक्ष दिलं नाही. तिचं सारं लक्ष पाखराच्या पोटाकडे. ते गुबगुबीत दिसायला हवं होतं. शेवटच्या संध्याकाळी टोपलीत उरलेला कापसाचा गोळा, जरा गाठाळ होता, तोही तिनं आत कोंबला आणि पोट शिवून टाकलं.

सकाळी गोधडीची घडी मोडायला तिनं पाखरावरून तळहात फिरवला, आणि कुठूनशी बारीक शिट्टी वाजली. कुईंऽऽ!

“कुकर!” नवरा ओरडला.

तिनं बोट दाखवलं. कुकर ओट्यावर पालथा होता.

पुन्हा कुईंऽऽ. नवऱ्यानं फ्रीजला कान लावला. पंख्याला लावला. मग कारागिराच्या बाण्यानं घराचा मेन स्विच पाडला. तेवढ्यात भोंग्यानं गोधडी दाबून पिशवीत भरली, तशी शिट्टी आणखी जोरात आली.

“नानांच्या यंत्राची असेल, दाबलं गेलं की ते अशीच शिट्टी मारतं,” नवरा म्हणाला आणि नानांच्या कानाशी ओरडला, “नाना, यंत्र कुठंय?”

“बंद पडलं!” नाना म्हणाले. “काढून ठेवलंय. दुरुस्तीला न्या!”

“मग ते नाही,” नवरा म्हणाला. “बंद पडलेली वस्तू वाजत नाही. हे मी धंद्याच्या अनुभवावरून सांगतो.”

तिघं निघाली. पिशवी भोंग्याच्या काखेत, आणि काख आवळली की कुईंऽऽ. कोपऱ्यावर दोन टॅक्स्या आपण होऊन थांबल्या. एक कुत्रं मान वाकडी करून मागे लागलं, ते थेट वाचनालयाच्या पायरीपर्यंत. नवरा पाच पावलं मागे राहून, आपला या बाईशी संबंध नाही अशा चेहऱ्यानं चालत होता.

दालनात गोधड्या लागत होत्या. दारातच मोठ्या बाईंच्या वळणदार अक्षरातली पाटी होती, ‘कृपया प्रदर्शनातील वस्तूंना हात लावू नये.’ नानांना कोपऱ्यातल्या खुर्चीवर बसवलं आणि भोंग्यानं गोधडी टेबलावर पसरली.

“अरे वा!” शिंपीकाका वाकले. “हे टाके शिवलेत का उगवलेत?”

मोठ्या बाईंनी पट्टी लावली. लांबी बरोबर. रुंदी बरोबर. बोलायला जागाच सापडेना. शेवटी त्यांनी तळहातानं पाखराचं पोट दाबलं. “इथं जरा फुगीर...”

कुईंऽऽ!

बाईंनी हात काढला, शिट्टी थांबली. पुन्हा ठेवला, पुन्हा वाजली.

“शांतता वाजते?” त्या कडाडल्या. “ही मंडळाची चेष्टा आहे! आत काहीतरी भरलंय तुम्ही. उसवा!”

भोंग्यानं मान हलवली. आत काय आहे ते तिलाही ठाऊक नव्हतं, पण त्या पोटावरचा एकेक टाका तिनं तोंड दाबून घातला होता.

“उसवा, नाहीतर भिंत मिळणार नाही. निदान गप्प बसण्याचा तरी विषय होता, तोही जमला नाही.” आणि बाईंनी कात्रीचं टोक पाखराला लावलं.

“खबरदार!!”

व्रत मोडलं. समोरच्या भिंतीवरची ‘भूक’ एका टाचणीवर लोंबायला लागली.

“एकदा घातलेला टाका मी उसवत नाही! वाजत असेल तर वाजू दे! माणूस झोपेत घोरतो, म्हणून काय त्याची झोप खोटी?”

 आणि कोपऱ्यातून नाना टुणकन उठले.

“आलं! ऐकू आलं!” त्यांचा चेहरा नुसता फुलला होता. “यंत्राशिवाय! म्हणजे यंत्र चांगलंच होतं की माझं!”

“म्हणजे?” नवरा म्हणाला.

प्रश्न त्यांना ऐकू गेला नाही, पण ते आपणच सांगत सुटले. “घरात सूनबाईचा आवाज येईना रे! तुझं पुटपुटणं तर एरवीही कळत नाही. काल नाही, आज नाही. मी म्हटलं, यंत्र मेलं. कापसात गुंडाळलं आणि ठेवलं हिच्या टोपलीत, म्हणजे कुणाच्या तरी नजरेस पडेल.”

सगळ्यांनी पाखराच्या पोटाकडे बघितलं. मग नवऱ्याकडे. त्यानं धंद्याचा अनुभव गिळला.

 शाळेपासून लोकांनी भोंग्याला एकच उपदेश केला होता, हळू बोल. आणि इथं एक म्हातारा तिचा आवाज थांबला म्हणून स्वतःच्या कानाला दोष देत बसला होता. तिनं पदरानं डोळे पुसले, नाक पुसलं, आणि कंबरेवर हात ठेवला.

“कळलं ना आता?” मोठ्या बाई म्हणाल्या. “यंत्र काढून घ्या. नीट शिवून पुढच्या वर्षी आणा.”

“पुढच्या वर्षी नाही, आत्ता. बाई, आमच्या घरात शांतता म्हणजे बिघाड. तो बिघाड मी जसाच्या तसा शिवलाय. माप तुम्हीच घेतलंत, बरोबर आहे. लावा भिंतीवर!” मग ती वळली. “नानाऽऽ! प्रदर्शन संपेपर्यंत यंत्राशिवाय चालेल का?”

“तू बोलणार आहेस ना?” नाना म्हणाले. “मग त्या डबडीला कोण विचारतो!”

शिंपीकाकांनी तोवर खिळा ठोकलासुद्धा.

संध्याकाळी दालन रिकामं झालं. नाना आणि नवरा जिना उतरून खाली उभे होते. भोंगा विसरलेली पिशवी घ्यायला वर आली आणि दारातच थबकली. आत मोठ्या बाई एकट्या होत्या. त्यांनी डावीकडे बघितलं, उजवीकडे बघितलं, आणि हळूच एक बोट पाखराच्या पोटावर टेकवलं.

कुईंऽऽ.

बाई गालातल्या गालात हसल्या. पुन्हा टेकवलं.

भोंग्यानं छातीभर श्वास घेतला.

“प्रवाशांनी कृपया लक्ष द्यावं! प्रदर्शनातील वस्तूंना हात लावू नयेऽऽ!”

मोठ्या बाईंच्या हातून लाकडी पट्टी सुटून पडली. आणि खालून, रस्त्यावरून, नानांचा आवाज आला, “आलं! ऐकू आलं!”