बेचाळीस सरकारी पाखरं

पिंपरवाडीचा तलाव चौऱ्याहत्तर साली सरकारनं राखीव केला आणि पाखरांच्या राखणीला नाथाजी हवालदाराला नेमलं. पलटणीतून सुटून आल्यावर त्याला पुन्हा खाकी कपडे आणि शिट्टी मिळाली होती. पुढच्या मार्चात पुण्याहून पत्र आलं, ते त्यानं तीनदा वाचलं. नवे साहेब गुरुवारी पाहणीला येणार होते. तलावावर पुरेसे पक्षी दिसले नाहीत, तर राखण बंद.

"आन् राखण बंद झाली तर?" त्याच्या बायकोनं, लीलाबाईनं विचारलं.

"तर इस्लामपूरला जायाचं. तुझ्या भावाच्या उसाला पानी पाजायला."

"मग जावा की. दादा काय खातुय तुमास्नी?"

"त्यो मला 'ए नाथा' म्हनतो," नाथाजी म्हणाला.

पलटणीत जवान त्याला पाहून टाचा जुळवत असत. मेहुण्याच्या बांधावर 'ए नाथा' होऊन उभं राहण्याची कल्पनाच त्याला सोसवेना.

अठरा वर्षांच्या नोकरीत नाथाजी एक गोष्ट पक्की शिकला होता. साहेब यायचा असेल, तर गवत उपटायचं आणि दगडाला चुना फासायचा. सोमवारपासून तो कामाला लागला. काठचं पाणकणीस विळ्यानं कापलं, लव्हाळा मुळासकट उपटला, कमळाची पानं ओढून काढली, शेवाळ घमेल्यानं उपसलं. पल्याडच्या काठाला उथळ पाण्यात काळे दगड डोकं वर काढून होते. ते त्यानं चुन्यानं पांढरेशुभ्र केले.

धनगराचा सिद्धू मेंढरं पाण्यावर घेऊन आला आणि बघतच राहिला.

"हवालदार, ह्ये काय केलंसा?"

"साफसफाई! बग, कसा आरशागत दिसतुय तलाव."

"आवं, पर टिबुकली ऱ्हानार कुटं? पानकोंबडी दडनार कशात? त्यांचं घरदार, जेवान, समदं तुमी उपटून काठावर वाळत घातलं की!"

"येत्याल रं. गुरवारी येत्याल."

"पाखरांस्नी बी पत्र आलंय व्हय?"

बुधवारी सकाळी तलावावर एक टिटवी तेवढी होती. तीही नाथाजीकडं बघून शिव्या दिल्यासारखी ओरडली आणि निघून गेली. आता मात्र हवालदाराला रडू यायचंच बाकी राहिलं. त्यानं उपटलेला लव्हाळा पुन्हा चिखलात खोचला आणि लीलाबाईची नजर चुकवून जोंधळ्याची पाटी काठावर पसरली. पाखरं आली नाहीत, सिद्धूची मेंढरं आली. दिवस मावळायच्या आत जोंधळाही संपला आणि लव्हाळाही.

गुरुवारी भर दुपारी जीप आली. साहेबांची सगळी हयात सागवान मोजण्यात गेली होती. पक्ष्यांकडं त्यांची बदली होऊन महिनाच झाला होता. बांधावर उभं राहून त्यांनी दुर्बीण डोळ्यांना लावली. नाथाजीनं टाचा जुळवून डोळे मिटून घेतले.

"अरे वा!" साहेब म्हणाले. "बगळे!"

नाथाजीनं डोळे उघडले. पल्याड उन्हाच्या झळांत चुन्याचे दगड थरथरत होते.

"एक्केचाळीस... बेचाळीस! काय शांत बसलेत हो. चला, जरा जवळून पाहू या."

साहेबाचं चुकतंय असं सांगायची नाथाजीला सवय नव्हती आणि बरोबर आहे म्हणायचं धाडस होईना. शेवटी मेंढरं घेऊन बांधावर आलेला सिद्धूच पुढं सरसावला.

"जवळ नगा जाऊ सायेब. पाखरं बुजत्यात."

"तेही खरंच. मग इथूनच टाळी वाजवा. उडताना तरी पाहू."

आता सगळं संपलं होतं. नाथाजीनं मेहुण्याचं तोंड डोळ्यांपुढं आणलं आणि टाळी वाजवली. बगळे हलले नाहीत. साहेबांनी शिट्टी फुंकायला सांगितली. त्यानं ती जीव खाऊन फुंकली. सिद्धूची मेंढरं उधळून माळाला लागली, पण बगळे जागचे हलले नाहीत.

साहेबांनी दुर्बीण खाली घेतली. "हवालदार, तेवीस वर्षं जंगलात काढली. माणसापाशी इतका निर्धास्त पक्षी मी पाहिला नाही. राखण असावी तर अशी!"

सिद्धूनं पटक्याचा शेमला तोंडात कोंबला आणि मेंढरांच्या मागं पळाला.

पंधरवड्यात हुकूम आला. राखण कायम, नाथाजीही कायम. तलावावर बेचाळीस बगळ्यांची कायम वस्ती असल्याची नोंद झाली होती आणि त्यांत घट झाल्यास राखणदाराला जबाबदार धरलं जाणार होतं. लीलाबाईनं हुकूम देवापुढं ठेवला. नाथाजीनं नवा चुना भिजत घातला.

त्या साली पाऊस बेताचाच झाला. दगड बुडाले नाहीत म्हणून अख्ख्या तालुक्यात एकटा नाथाजी खूश होता. तेवढ्या पाण्यावरही पाणकणीस पुन्हा वर आलं, लव्हाळा फुटला, कमळाची पानं पसरली. मग टिबुकल्या आल्या, पाणकोंबड्या आल्या, लांब तांबड्या पायांचे शेकाटे आले. आणि एके दिवशी पाणकावळ्यांचा काळाकुट्ट थवा उतरला. पंख वाळवायला त्यांनी पल्याडचे दगड निवडले.

सिद्धू मेंढरं घेऊन आला, तेव्हा नाथाजी कमरेएवढ्या पाण्यात उभा राहून शिट्टी फुंकत होता आणि दोन्ही हातांनी पाणी उडवत होता.

"आवं हवालदार! पाखरं राखायची नोकरी न्हवं तुमची? मग हाकलताय कशापायी?"

नाथाजी दम खायला थांबला. तो अगदी काकुळतीला आला होता.

"मंगळवारी सायेब मोजायला येनार हाय गड्या," तो म्हणाला, "आन् ही काळी बेनी समदी माज्या बगळ्यांवर बसल्यात!"