संपूर्ण चार्ज

नव्या साहेबांना संगणकावरचा चार्ज एका ओळीत देता येतो, हे माझे ठाम मत होते! दोन हजार सातच्या जूनपर्यंत होते.

अकोल्याच्या आमच्या माती परीक्षण प्रयोगशाळेचे प्रमुख इनायतुल्ला साहेब मेअखेरीस निवृत्त झाले आणि त्यांच्या जागी नईमा मॅडम आल्या. टेबल मिळाले, खुर्ची मिळाली. पण मातीच्या अहवालांच्या साऱ्या फाइली संगणकाच्या लेखी अजून साहेबांच्याच मालकीच्या. मॅडमनी उघडायला जावे, तर ‘परवानगी नाही’ म्हणून तो मोकळा! आमचा संगणक लिनक्स प्रणालीवर चाले, आणि ते समजणारा कार्यालयात मी, देवमन, एकटाच होतो.

बाकावर बाळापूरकडचे शेतकरी खुशालराव बसले होते. माती परीक्षणाच्या कार्डासाठी ही त्यांची तिसरी खेप. त्या वर्षांत विदर्भातल्या शेतकऱ्यांसाठी समित्या येत, सल्ले देऊन जात. या गृहस्थांना मात्र आपल्या मातीत काय कमी आहे, एवढेच पेरणीआधी कळायला हवे होते. नाहीतर दुकानदार देईल ते खताचे पोते उचलायचे.

“माती माही, तपासली तुमी, अन् अडून कावून राह्यलं?” त्यांनी विचारले.

“दोन मिनिटं, खुशालराव! एका ओळीचं काम आहे.”

ते खरेच होते. ‘चोन’ ही मालकी बदलण्याची आज्ञा, पुढे नव्या मालकाचे नाव, मग फाइलींच्या कप्प्याचा पत्ता, संपले! मी ‘अहवाल’ या कप्प्याचा पत्ता लिहिलाही. तेवढ्यात हेडक्लार्क शालिकरामजी चार्जची यादी घेऊन पाठीमागे उभे राहिले. कपाटे दोन. टेबलपंखा एक, पाते तुटलेले. केराची टोपली एक.

“एकाच कप्प्याचा चार्ज?” ते म्हणाले. “बाकीचं कोनाच्या नावावर ठेवता? चार्ज म्हंजे संपूर्ण चार्ज, देवमनभाऊ! टाचणी सुटली तरी ऑडिटवाले मलेच धरतात.”

सकाळपासून चारदा वीज गेली होती. वाद घालण्याचे त्राण माझ्यात उरले नव्हते. आणि खोटे कशाला सांगू, त्यांचे म्हणणे मला पटलेही! मी पत्ता पुसला आणि नुसती एक तिरकी रेघ ठेवली. लिनक्समध्ये तिचा अर्थ, अख्खा संगणक, मुळापासून.

एंटर!

“झालं, मॅडम! आता टाचणीसुद्धा तुमचीच.”

मॅडमनी छपाईचा आदेश दिला. प्रिंटर ढिम्म! मी संगणकाकडे व्यवस्थापकाचे अधिकार मागितले. नकार! जी साधने व्यवस्थापकाच्याच मालकीची असावी लागतात, तीही मी मॅडमना देऊन बसलो होतो. आता ती परत घेण्याचा अधिकार मलाही नव्हता. किल्ल्यांचा जुडगा कपाटात ठेवून कपाटाचे दारच ओढून लावावे, तसे झाले.

“बंद करून चालू करा ना,” शालिकरामजींनी बटणाकडे हात नेला. “पंखा तसाच चालते.”

“रुका, रुका!” मॅडम ओरडल्या. “हात नका लावू कोनी! छापता येत नसन, पन वाचता तं येऊन राह्यलं ना मले?”

खरेच, फाइली आता त्यांच्या होत्या, खुशालरावांची उघडली! मॅडमनी कपाटातून जुने कोरे कार्ड काढले, पडद्यावर पाहत नत्र, स्फुरद, पालाश शाईपेनाने उतरवले आणि खाली जस्तासमोर ‘कमी’ लिहून सही ठोकली.

खुशालरावांनी कार्ड दोनदा वाचले.

“जस्त कमी हाय, बस? हे पयल्याच खेपेले हातानं लिवून देल्लं असतं तं काय बोटं झिजली असती?”

खुशालराव कार्ड खिशात घालून निघाले, आणि शालिकरामजींनी शेवटी बटण दाबलेच. बंद झालेला संगणक काही उठला नाही!

मॅडमनी तो चार्जमध्ये घ्यायला नकार दिला. शालिकरामजींनी शांतपणे यादी ओढली आणि शेवटी लिहिले : ‘संगणक एक, नादुरुस्त. ताबा : देवमन.’

एकाच ओळीत बसले!