तिळगुळाच्या पुडीतला कॅप्टन

पानात श्रीखंड असलं की मी आधी वरणभात संपवतो. चांगली गोष्ट शेवटी, हा माझा नियम. (चारुलता, म्हणजे आमचं कुटुंब, याला वेंधळेपणा म्हणते.) त्या नियमापायीच पोस्टानं आलेलं पुडकं मी लगेच वाचलं नाही. म्हटलं, रविवारी गच्चीत उन्हात बसून सावकाश वाचू. एवढाच काय तो माझा निर्णय, आणि त्यानं माझी जयपूरभर शोभा झाली.

त्या पुडक्यासाठी मी बावीस-तेवीस वर्षं झुरत होतो. युद्धाआधी मिरजेला माझ्या मित्राच्या, प्रभाकरच्या घरी, विलायतेहून चित्रकथांचं साप्ताहिक यायचं. त्यातला कॅप्टन समुद्रकाठच्या गुहेत अडकला होता, भरती चढत होती, आणि पाणी त्याच्या हनुवटीला लागलं तिथं ‘पुढील अंकी समाप्त’. तो समाप्तीचा अंक प्रभाकरनं मला घरी न्यायला दिला. मी सवयीप्रमाणे आधी जाहिराती चाळल्या आणि कथा शेवटी ठेवली. कथेकडे वळणार एवढ्यात प्रभाकरनं येऊन अंक हिसकावला, चाळला, माझ्याकडे डोळे वटारून पाहिलं आणि बोलणंच टाकलं. का, ते मला आजवर कळलं नव्हतं.

त्या जाहिरातींची मजा काय सांगू! भिंतीपलीकडचं दाखवणारा चष्मा, फुकट पोस्टाची तिकिटं, मिशा येण्याचं मलम. वडिलांच्या दाढीच्या पात्यानं कापून ‘उंची वाढवा’चं एक कुपन मी खरोखरच पाठवलं होतं. उत्तरादाखल आलेल्या पुस्तिकेत रोज झाडाला लोंबकळा असं लिहिलं होतं. मी लोंबकळलो. आंब्याची फांदी तेवढी खाली आली.

पुढं विम्याच्या नोकरीत बदल्यांवर बदल्या होत जयपूरला आलो, बनी पार्कात बिऱ्हाड केलं. जाईन त्या गावच्या रद्दीतून मी त्या साप्ताहिकाचे अंक उपसले. सगळे मिळाले, शेवटचा नाही. कॅप्टन आपला पाण्यात उभाच! अखेर मराठी पेपरात छोटी जाहिरात दिली: ‘पाहिजे. अमुक साप्ताहिकाचा तमुक अंक. स्थिती कशीही चालेल.’ आणि काय आश्चर्य, पुडकं आलं प्रभाकरकडूनच! सोबत चिठ्ठी: ‘तुझ्या हक्काचा अंक.’ माझे डोळे भरून आले. पुडकं नीट बांधून मी चारुलताला माळ्यावर ठेवायला दिलं. (माझा हात पोचत नाही. लग्नाच्या फोटोतही मी पाटावर उभा आहे.)

शनिवारी संध्याकाळी मी पेपरातल्या छोट्या जाहिराती वाचत होतो. कुणीतरी पेटी विकत होतं, भात्यासकट.

“अहो, मराठी मंडळाच्या हळदीकुंकवाला पुड्या कमी पडतायत. माळ्यावरच्या पुडक्यातले कागद घेऊ का?”

“घे.”

“सगळे घेऊ?”

“घे की!” भात्याशिवाय पेटी कशी विकतील, याच विचारात मी होतो.

रविवारी सकाळी स्टूल लावून माळ्यावर पाहतो, तर रिकामी सुतळी.

“तूच तर म्हणालास घे!” संतापली की चारुलता मला अरेतुरे करते. “चांगला जाड कागद होता. सगळ्यांनी पुड्यांचं कौतुक केलं.”

“अगं, पण शेवटचं पान! शेवटचं पान कुणाला गेलं?”

“मी पुड्या वाटत होते की परीक्षेचे पेपर?” मग जरा विचार करून ती म्हणाली, “ओळीनं फाडत गेले, म्हणजे शेवटची पानं उशिरा आलेल्यांना. अनुसयाबाई आणि जयंतीवहिनी.”

अनुसयाबाई म्हणजे छावणीतल्या सुभेदार ज्ञानोबांच्या पत्नी. मी सायकल दामटत पोचलो आणि धापा टाकत म्हणालो, “वहिनी, कालच्या तिळगुळाची पुडी आहे का?”

त्यांनी मला खालपासून वरपर्यंत न्याहाळलं. (त्याला फार वेळ लागत नाही.)

“आवं भावजी, तिळगुळासाठी येवढ्या लांब आलाय व्हय? बाई घरात करत न्हाईत?”

“तिळगूळ नको हो, नुसती पुडी हवी.”

“रिकामी?”

“रिकामीच.”

“आसं लाजू नगा,” त्या कळवळून म्हणाल्या आणि डबाभर लाडू माझ्या हाती दिले. पुडी सुभेदारांच्या बुटात कोंबलेली निघाली. घड्या उलगडून पाहिली. शेवटच्या आधीचं पान! कॅप्टनच्या नाकात पाणी चाललं होतं आणि भिंतीत एक फट दिसत होती. फटीतून कोण येणार? माझा जीव वरखाली होऊ लागला.

राहिल्या जयंतीवहिनी, आणि तिथंच घोडं अडलं. त्या उमाकांतरावांच्या पत्नी. उमाकांतराव आमच्या ऑफिसात माझ्याच शेजारी बसत, पण गणेशोत्सवापासून आमचं बोलणं बंद होतं. मंडळाच्या नाटकात त्यांनी मला बटूची भूमिका दिली होती. मुंजीतल्या बटूची! मी मरेन, पण त्या माणसाच्या दारात पाय ठेवणार नाही, असं चारचौघांत बोललो होतो.

पण कॅप्टन बुडत होता. मी कडी वाजवली.

दार उमाकांतरावांनीच उघडलं. माझ्याकडे पाहिलं, हातातल्या लाडवांच्या डब्याकडे पाहिलं, आणि त्यांचा चेहरा एकदम पाघळला.

“अहो बाप्पा! संक्रांतीचा तिळगूळ घेऊन तुम्ही स्वतः आले? मीच चुकलो जी!” नागपूरकडचा दणकट माणूस, त्यांनी मला मिठी मारली. माझं नाक त्यांच्या कोटाच्या दुसऱ्या बटणाशी दबलं.

“उमाकांतराव, ती पुडी...”

“गोड बोला, बस! मागचं सारं विसरा!”

“विसरलो, पण पुडी...”

“जयंती, चहा टाक! माझा भाऊ आला आहे!”

स्वयंपाकघरातून जयंतीवहिनी म्हणाल्या, “शेगडी पेटवतेच आहे, कागद तेवढा लावते.”

मी मिठीतून खालच्या बाजूनं निसटलो (उंचीचा आयुष्यात झालेला एकमेव फायदा) आणि स्वयंपाकघरात झेप घेतली. काडी कागदाला लागणार तोच पुडी हिसकावली. वहिनी किंचाळल्या. उमाकांतराव मात्र गहिवरून म्हणाले, “पाहा, आपली पुडीसुद्धा त्यानं जपली!” त्यांना नेमकं काय वाटलं, हे मला कळलं नाही आणि विचारायचं धाडसही झालं नाही.

घरी येऊन चारुलतासमोर मी पान उलगडलं. भिंतीला फट, कॅप्टनचा वर आलेला हात, आणि पुढं चौकोनी भोक. शेवटची तिन्ही चित्रं गायब. भोकातून चारुलताचं नाक दिसत होतं.

“उंदरानं खाल्लं वाटतं,” ती म्हणाली.

उंदीर इतका वाकडा कापत नाही. पात्यानं कापलेली ती नागमोडी कड मी ओळखली. पान उलटलं. भोकाच्या वर मोठ्या अक्षरांत मथळा तेवढा शिल्लक होता: उंची वाढवा. प्रभाकरनं बोलणं का टाकलं ते मला कळलं, आणि हक्काचा अंक म्हणजे काय तेही.

“मग कॅप्टन वाचला की नाही?” चारुलतानं विचारलं.

मी भोकाच्या कडेवरून बोट फिरवलं. तिनं पान अलगद दुमडलं, हात वर केला आणि टाचसुद्धा न उचलता ते माळ्यावर ठेवून दिलं.