पाटोळे सरांचा परावर्तन गुणांक

सावेडीतल्या आमच्या सोसायटीत पाटोळे सरांनी प्रत्येकाला एक आकडा दिला होता. शून्य ते एक यांच्यामधला. त्याला ते परावर्तन गुणांक म्हणत. पॉलिटेक्निकात त्यांनी जन्मभर तोच शिकवला. केबल आणि अँटेना यांचा इम्पिडन्स, म्हणजे विजेला होणारा अडथळा, जुळला की सगळा सिग्नल पुढं जातो, गुणांक शून्य. जुळला नाही की काही भाग माघारी येतो. सगळाच परत आला, तर एक. आमच्या चेअरमनना त्यांनी एक दिला होता. "काहीही सांगा, जसंच्या तसं परत." मला पॉइंट चार. माझ्या बायकोला मात्र शून्य, कारण ती सरांचं सगळं ऐकून घ्यायची आणि वर चहा द्यायची.

सरांकडे परवान्याचा हॅम रेडिओ, म्हणजे हौशी लोकांचा बोलायचा बिनतारी संच होता, गच्चीवर तांब्याची लांब तार. रोज सकाळी सातला ते भंडारदऱ्याकडच्या एका निवृत्त गुरुजींशी बोलत. चौदा वर्षं बोलले. भेट एकदाही नाही. गुरुजींचा मोबाईल नंबरही त्यांनी घेतला नव्हता. रेडिओवाल्यानं फोन करणं त्यांना कमीपणाचं वाटे.

गेल्या दिवाळीनंतर गुरुजींचं उत्तर येईना. सरांनी दोष स्वतःच्याच लाइनीत धरला. केबल बदलली, सगळे सांधे पुन्हा डागले. मीटर परावर्तन शून्य दाखवत होता. तरी ते महिनाभर हाका मारत राहिले. शेवटी मीच त्यांना गाडीत घातलं.

गाव माहीत होतं. घर विचारत विचारत सापडलं. दारात एक बाई तांदूळ निवडत होत्या. सरांनी विचारलं, "गुरुजी आहेत का?"

त्यांचा हात थांबला. "सावेडीचे सर ना तुमी?"

त्या गुरुजींच्या पत्नी. गुरुजी दिवाळीतच गेले होते. आतल्या खोलीत रेडिओ पुसून ठेवलेला होता.

"सात वाजले की मी लावते," त्या म्हणाल्या. "तुमी रोज त्यांना बोलावता, ते ऐकू येतं. मला बोलायचं लायसन न्हाई, म्हनून गप बसते."

सरांनी उगाच रेडिओमागची केबल चाचपून पाहिली. घट्टच होती. परतताना संगमनेर येईपर्यंत ते खिडकीबाहेर बघत होते.

आता सकाळी सातला भिंतीपलीकडून त्यांचा आवाज येतो. काल काय रांधलं, गल्लीत कुणाचं लग्न ठरलं, असं सगळं ते रेडिओवरून गुरुजींकडच्या वहिनींना सांगतात. अधूनमधून एखादा प्रश्न विचारतात. आणि मग, उत्तर द्यायला लागेल तेवढा वेळ थांबतात.